खुणेचा रंग

टोपली नंबर एकतीस. टोपली म्हणजे आपण धुण्याचे कपडे टाकतो ती, जाळीची, निळ्या प्लॅस्टिकची. तिच्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेला नंबर. कोआलांसाठी खास बनवलेलं असं तिथं फारसं काही नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्नडाना गावाजवळच्या त्या खासगी प्राणी-उद्यानात दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिकीट काढून कांगारूंना चारा घालायला कुटुंबं यायची. आता तिथल्या शेडमध्ये आणि बाहेरच्या तंबूत ओळीने टोपल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत निलगिरीची एक फांदी, आणि फांदीला बिलगून बसलेलं एक करपलेलं जनावर.

एकतीसमध्ये एक मादी होती. भूल देऊन टेबलावर घेतली आणि मी आधी पंजे उघडले. कोआलाच्या पुढच्या पंजाला दोन अंगठे असतात, आणि बोटांच्या टोकांवर माणसासारखे ठसे. पहिल्या दिवशी हे पाहून मी दोन मिनिटं कामच विसरले होते. एकतीसचे ठसे जळून गेले होते, खालची गुलाबी कातडी उघडी पडली होती. पण नखं शाबूत होती. नखं असतील तर कातडी परत येते, कातडी आली की झाडावर चढता येतं, आणि झाडावर चढता आलं तर बाकी सगळं. नखं मुळापासून गेली असतील तर पुढची तपासणी ही बहुतेक वेळा आपल्याच मनाच्या समजुतीसाठी असते.

जखम धुतली, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावलं (आपल्याकडे तव्याचा चटका बसला की शोधतात तेच पांढरं मलम), वर गॉझ आणि पट्टी. डोळ्यांत हिरवा रंग टाकून बुबुळावर व्रण नाही ना ते पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, कातडीखाली सलाइन दिलं. पोटाची पिशवी रिकामी. ही राहील. सहायक मुलीने पाटीवर एकतीसपुढे बरोबरची खूण केली आणि पुढची टोपली आणली.

बत्तीस राहिला. तेहेतीस राहिला. चौतीसला नखं नव्हती.

ही गोष्ट १५ जानेवारी २०२० ची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कांगारू आयलंड नावाचं बेट आहे, ॲडलेडहून दीड-दोन तास गाडी आणि मग पाऊण तास फेरी. १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सची उपाशी माणसं इथं उतरली, त्यांनी कांगारू मारून पोटभर खाल्ले आणि कृतज्ञतेपोटी बेटाला हे नाव दिलं. नाव ठेवण्याची ही तऱ्हा मला तरी जरा चमत्कारिक वाटते. डिसेंबरअखेर विजा पडून लागलेली आग ३ जानेवारीला वाऱ्यावर सुटली. दोन माणसं गेली, घरं गेली, फ्लिंडर्स चेस हे राष्ट्रीय उद्यान जवळजवळ सगळंच गेलं. ९ तारखेला आग पुन्हा उलटली. मी पोचले तेव्हा दोन लाख हेक्टरांहून जास्त, म्हणजे जवळजवळ अर्धं बेट, काळं झालं होतं.

मी मूळची माण तालुक्यातली. शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, मग चार वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात शेळ्या-मेंढ्या, जर्सी गाई आणि वासरांचे जंत. लग्नानंतर इथं आले, इथली परीक्षा दिली, आणि आता ॲडलेडच्या एका उपनगरात मधुमेह झालेल्या मांजरांना इन्सुलिन देते. क्लिनिकमधून दहा दिवसांची रजा काढून बेटावर आले तेव्हा भाजलेल्या जनावरांचा माझा अनुभव म्हणजे गंजीला आग लागून होरपळलेली एक म्हैस. बाकी वणवे पाहिले होते ते लांबून, एस.टी.च्या खिडकीतून. फाल्गुनात डोंगरावर रात्री दिसणारी नारिंगी माळ. लहानपणी आम्हाला ती सुंदर वाटायची. त्या माळेत ससे आणि तित्तिरांची अंडी असतात हे पुष्कळ नंतर कळलं.

बेटावरचा वास अजून नाकात आहे. सर्दी झाली की आई गरम पाण्यात निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकून डोक्यावर टॉवेल घालून वाफ द्यायची, तोच वास. त्यात जळलेले केस मिसळले तर जे होईल ते. या झाडांच्या पानांतच तेल आहे, आणि साल पट्ट्यापट्ट्यांनी लोंबते. पेटलेली पट्टी वाऱ्यावर उडून पार पुढे जाऊन पडते आणि तिथं दुसरी आग सुरू करते. सामाजिक वनीकरणाच्या काळात आमच्या गावाबाहेर ओळीने लावलेली निलगिरी मला आठवली. त्या झाडाची मूळ घरची वागणूक ही अशी असते, याची गावात कुणाला कल्पना नव्हती.

अकरापर्यंत नऊ तपासले. तीन जणांना शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं.

शेडच्या मागच्या खोलीत खोकी होती. छतापर्यंत. कॅनडा, नेदरलंड्स, जपान, इंग्लंड, आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रत्येक राज्याचे शिक्के. आत भाजलेल्या कोआलांसाठी हातमोजे, पोरक्या पिल्लांसाठी पिशव्या, वटवाघळांच्या पिल्लांना गुंडाळायला फडकी. जगभरच्या बायका, आणि काही पुरुषही, टीव्हीवरची चित्रं बघून सुया घेऊन बसले होते. पिशव्या उपयोगी पडल्या, फार पडल्या. मोज्यांचं मात्र असं झालं की एका कोआलाला फार तर चार लागतात, आणि इथं आले होते हजारांनी. शिवाय बरेचसे लोकरीचे, आणि ओल्या जखमेवर लोकर चालत नाही. शेवटी मोजे पुरे झाले, आता थांबा, असं सांगावं लागलं. लोक थांबले नाहीत. रात्री झोप येत नसताना माणसाने हाताने काहीतरी करायचंच ठरवलं तर त्याला कोण थांबवणार?

आमची आई तेव्हा ॲडलेडला आली होती, सहा महिन्यांसाठी. तिला मी सांगितलं होतं, आतलं कापड शंभर टक्के सुती पाहिजे, शिवण बाहेरच्या बाजूला, कुठे धागा लोंबता कामा नये, पिल्लाचं नख अडकतं. तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. गोधडीसाठी म्हणून गावाहून आणलेली आजीची दोन जुनी लुगडी कापली आणि तीन दिवसांत बावीस पिशव्या शिवल्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड होतं. आपण गोधडीत बाळ गुंडाळतो तसंच की, म्हणाली, त्यात काय शिकवायचंय. माझ्या बॅगेत त्या पिशव्या, आणि वर तिने संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा ठेवला होता. त्या दिवशी संक्रांत होती हे डबा उघडल्यावर लक्षात आलं. संक्रांतीला काळं नेसतात. इथं सगळी जमीनच नेसून बसली होती.

फोनला रेंज आली की चुलत-मावस सगळ्यांच्या ग्रुपवर कोआला असायचे. कुणी स्टेटसला फोटो ठेवलेला, कुणी पैसे कुठे भरू म्हणून विचारत होतं, आणि खरोखर भरतही होतं. न्यू साउथ वेल्समधल्या पोर्ट मॅक्वॉरीच्या कोआला रुग्णालयाने जंगलात पाणवठे बसवायला पंचवीस हजार डॉलर मागितले होते, लोकांनी लाखांनी डॉलर ओतले. दुसऱ्या बाजूला एक निरोप फिरत होता की वॉम्बॅट हा प्राणी इतर प्राण्यांना हाकत आपल्या बिळात नेऊन वाचवतोय, माणसापेक्षा प्राणी बरे. मी लिहिलं की बिळं लांबलचक असतात, आगीत इतर प्राणी त्यात शिरतात हे खरं. वॉम्बॅटने कुणाला आमंत्रण दिलेलं नाही. यावर ग्रुपमध्ये शांतता पसरली. मग काकांनी अंगठा टाकला.

त्याच सुमाराला सिडनी विद्यापीठाचे ख्रिस डिकमन यांचा शंभर कोटी प्राणी गेल्याचा अंदाज सगळीकडे छापून आला होता. जुलैत सविस्तर अहवाल आला तेव्हा देशभरात आगीत सापडलेल्या, म्हणजे मेलेल्या किंवा बेघर झालेल्या प्राण्यांचा आकडा तीनशे कोटींच्या घरात गेला. त्यातले २४६ कोटी सरपटणारे. सस्तन प्राणी १४ कोटी ३० लाख. म्हणजे त्या उन्हाळ्यात जे गेलं त्यातलं बहुतेक सगळं पाली आणि सरड्यांच्या जातीचं होतं. पालीसाठी मोजे विणणारं मला कुणी भेटलं नाही, आणि विणले असते तरी मी काय केलं असतं म्हणा.

खरं सांगायचं तर कोआला या बेटाचेसुद्धा नाहीत. १९२० च्या दशकात व्हिक्टोरियातून अठरा आणून सोडले. त्यांचं पुढे इतकं फावलं की झाडं बोडकी व्हायला लागली आणि १९९७ पासून सरकारला त्यांची नसबंदी करावी लागली. आगीआधी पन्नास हजारांच्या आसपास होते. इथं मूळचा, आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेला, प्राणी म्हणजे कांगारू आयलंड डनार्ट, उंदराएवढा, वीस-पंचवीस ग्रॅमचा, शिकारी तोंडाचा. आगीपूर्वीच पाचशेच्या आत उरले होते, आणि त्यांच्या वस्तीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जळला. जे उरले ते उघड्या जमिनीवर, रानमांजरांच्या पुढ्यात. त्यांना टोपलीत घालून माझ्याकडे कुणी आणलं नाही. राखेत गेलेला डनार्ट दिसतच नाही.

साडेअकराला पांढरी यूट शेडसमोर येऊन थांबली. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, इथल्या शेतकऱ्याला बैलगाडीसारखी. हौद्यात पाण्याची टाकी, पंप, रबरी नळी, आणि या सगळ्यावर रचलेल्या मॅना गम जातीच्या निलगिरीच्या ताज्या फांद्या. बेटावरचे कितीतरी शेतकरी असल्याच यूट घेऊन आगीपुढे उभे राहिले होते. कोआलांना दिवसातून दोनदा ताजा पाला लागतो, आणि तोही त्यांना पटेल तो. न जळलेल्या पूर्वेकडून तो तोडून आणणं हेच एक मोठं काम होतं. हे गृहस्थ रोज आणायचे. साठीच्या पुढचे, हडकुळे, भुवया अर्ध्या जळालेल्या. त्यांना सगळे नावाने हाक मारत. मी मनात आप्पा म्हणायचे, कारण चालताना ते आमच्या गावच्या धनगरवाड्यातल्या आप्पांसारखे एका खांद्याने पुढे झुकत.

"डॉक, कुणीतरी म्हणालं तुला मेंढ्या कळतात."

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण मला ते तूच ऐकू आलं.

शेतीखात्याची पथकं बेटभर फिरत होती, पण त्यांना मेंढी हाताळलेला आणखी एक माणूस हवा होता. मेंढीचं भाजणं दोनदा तपासावं लागतं. पहिल्यांदा लगेच. लोकर सहज पेटत नाही, त्यामुळे पाठ वाचते. भाजतं ते तोंड, कान, काखा, कास आणि पाय. जे उघड दिसतं ते तेव्हा कळतं. पण खुराच्या वरची कड आतून भाजलेली असेल तर मेंढी आठवडाभर बरी चालते आणि मग खूर सुटायला लागतो. आप्पांनी ५ जानेवारीला शेजाऱ्याला घेऊन एकशे चाळीस मेंढ्या स्वतः गोळ्या घालून संपवल्या होत्या. आज दुसरी तपासणी.

तंबूतल्या वरिष्ठ डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या जा, इथं आता पट्ट्या बदलायच्याच आहेत. मी बॅग उचलली. जखमा पुसायला चिंध्या असाव्यात म्हणून मोज्यांच्या खोक्यातून सुती मोज्यांच्या पाच-सहा जोड्या आत कोंबल्या.

वाटेत रेडिओवर आगीच्याच बातम्या होत्या. आगीत होरपळलेल्या कोबार्गो गावच्या लोकांनी पंतप्रधान मॉरिसन यांच्याशी हात मिळवायला नकार दिला होता, त्याचं चर्वितचर्वण अजून चालू होतं. आप्पांनी बंद केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या गमची लागवड, ओळीत उभे कोळसे. याच लागवडींत कोआला दाटीने राहत होते. कुंपणाच्या तारा जमिनीवर गुंडाळी होऊन पडलेल्या. मधेच एक हिरवं घर, त्याच्याभोवती हिरवळीचा एक तुकडा, बाकी काही नाही. "माझं नाही," आप्पा म्हणाले. "माझं ते." आणि हाताने दाखवलं तिथं फक्त धुराडं उभं होतं.

वाड्याच्या लोखंडी नळ्या वाकल्या होत्या, पण उभ्या होत्या. आत दोनशेच्या वर मेंढ्या. आल्या आल्या लंगडत पुढे आली ती कुत्री, केल्पी जातीची, तांबूस, कान टवकारलेली. आगीनंतर चार दिवस गरम राखेतून तिने ही खांड गोळा केली होती. पंजे सोललेले. तिला बसवून ठेवायचा आप्पांनी प्रयत्न केला, ती बसली नाही. मेंढ्या दिसत असताना केल्पी बसत नाही.

कामाला लागलो. मेंढीची हनुवटी एका हाताने वळवायची, दुसरा हात मागच्या फऱ्यावर, गुडघ्याने रेटा, की ती ढुंगणावर बसते आणि एकदा बसली की गपगार होते. माणमध्ये मी हे शेकडो वेळा केलं होतं, पण बारा वर्षांत नाही. पहिल्या चार मेंढ्यांनी मला राखेत लोळवलं. आप्पा हसले नाहीत, पण तोंड दुसरीकडे वळवलं. पाचवी बसली.

दोन स्प्रेचे डबे होते. निळा म्हणजे राहील, लाल म्हणजे नाही. खुराची कड दाबायची, पाणी सुटतंय का, खूर हलतोय का बघायचं, मग कास, सड, डोळे. सुरुवातीला दोन्ही डबे माझ्याकडे होते. सहा-सात मेंढ्या झाल्यावर आप्पा म्हणाले, "लाल मला दे." तिथून पुढे मी नुसतं बोलायचे आणि लाल खूण ते करायचे.

एका मेंढीपाशी मी अडले. दोन वर्षांची, अंगाने चांगली, पुढच्या एका पायाची कड थोडी सुटलेली. पट्टी, कोरडी जागा, वेदनाशामक, तीन-चार आठवडे. मी निळा डबा उचलला. आप्पांनी मान हलवली.

"कुठे ठेवू? कुंपण नाही, चारा फेरीतून येतोय तो मोजून. लंगडी मेंढी पाण्यापर्यंत गेली नाही तर मला कळणारसुद्धा नाही."

ते बरोबर होते. दवाखान्यात असताना हेच मी कितीदा दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. पण सकाळी एकतीस नंबरला याहून जास्त भाजलं होतं, आणि तिच्या चार पंजांच्या पट्ट्यांभोवती तीन माणसं उभी होती. आप्पांनी लाल खूण केली. बोटाने ती लोकरीवर जरा पसरली, नीट दिसावी म्हणून.

"जगभरातून कोआलांना मोजे आलेत म्हणे," थोड्या वेळाने म्हणाले. रागाने नाही. हवापाण्याची चौकशी करावी तसं.

तीन वाजेस्तोवर खांड संपली. एकसष्ट लाल. खड्डा लष्कराच्या राखीव जवानांनी यंत्राने आधीच खणून ठेवला होता, टेकाडापलीकडे. शेजारी रायफल घेऊन आला. मी येऊ का विचारलं, ते नको म्हणाले. "तू तिचं बघ," कुत्रीकडे बोट दाखवून.

म्हणून मी यूटच्या सावलीत केल्पीला मांडीवर घेऊन बसले. पंजे धुतले, मलम लावलं, गॉझ गुंडाळला. टेकाडापलीकडून आवाज यायला लागले. एक, मग थांबून एक. केल्पीचे कान त्या बाजूला वळायचे आणि परत यायचे, तिला बंदुकीची सवय असावी. मला नव्हती. मी वीसपर्यंत मोजले आणि मग मोजायचं सोडून पट्टीकडे लक्ष दिलं. पट्टी राखेत टिकणार नाही हे उघड होतं. वरून काहीतरी घालायला हवं होतं. बॅगेत हात घातला तर मोजे हाताला लागले. बारीक निळ्या फुलांचं सुती कापड, मनगटाला नाडी. कोआलाच्या पंजासाठी शिवलेला मोजा केल्पीला इतका चपखल बसतो हे शिवणाऱ्या बाईला कळलं असतं तर बरं झालं असतं. चारही घातले. ती उभी राहिली, एक पाय उचलून झटकला, दुसरा झटकला, आणि माझ्याकडे जे पाहिलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

आप्पा आले. टाकीच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. कुत्रीच्या पायांतली फुलं बघितली. काही बोलले नाहीत. मी तिळगुळाचा डबा पुढे केला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. आज आमच्याकडे सण आहे, म्हटलं, तीळ आणि गूळ आहे. एक लाडू तोंडात टाकून ते बराच वेळ चावत राहिले. आईचा पाक जरा पुढे गेला होता.

"हे देताना काही म्हणायचं असतं का?"

"गोड बोला, म्हणतात."

त्यांनी विचार केला. "आज नाही जमायचं," म्हणाले, आणि दुसरा लाडू खिशात टाकला.

परत निघालो तेव्हा सहा वाजले असतील. तिथं जानेवारीत साडेआठपर्यंत उजेड असतो. ओढ्याजवळच्या वळणावर आप्पांनी गाडी थांबवली. एका कोळसा झालेल्या बुंध्याच्या तळाशी कोआला बसला होता. दिवसाउजेडी, जमिनीवर, माणूस जवळ गेला तरी न हलणारा. हे कधीच चांगलं लक्षण नसतं. आप्पांनी पाण्याची बाटली काढली. मी हात धरला. बाटलीने तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं. त्या उन्हाळ्यात असे व्हिडिओ सगळ्या जगाने कौतुकाने पाहिले. टोपीत ओतून पुढे ठेवलं तर चालतं, पण या मादीला तेही नको होतं.

टॉवेल टाकून उचलली. नखं नव्हती. मागच्या पायांची हाडं दिसत होती. बारा दिवस ती तशी असावी.

"इंजेक्शन आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"मग तू कर. माझं आजचं झालं."

केलं. ते टोपी काढून उभे राहिले नाहीत की काही नाही. बाजूला टायर तपासत राहिले. नंतर मी सवयीने पिशवीत बोट घातलं. रिकामी. पण दोन सडांपैकी एक लांब ओढलेला, आणि दाबल्यावर दूध. म्हणजे पिल्लू होतं. पिशवीबाहेर आलेलं, पाठीवर बसणारं, पण अजून पिणारं. असं पिल्लू आई हलत नसेल तर फार लांब जात नाही. किंवा आगीच्या दिवशीच गेलेलं असतं. पण मग बारा दिवसांनी दूध असतं का? मी हे मोठ्याने बोलले नसते तर बरं झालं असतं, कारण आप्पांनी टायर सोडला आणि हौद्यातून टॉर्च काढला.

आम्ही ओढ्याकाठी शोधत राहिलो. प्रत्येक बुंधा, प्रत्येक ढोली, आडव्या पडलेल्या ओंडक्यांखाली. आईने शिवलेली एक पिशवी मी कमरेला खोचली होती, आजीच्या लुगड्याची, हिरवी, काठाचा तुकडा वर आलेला. केल्पी गाडीत बांधून ठेवली होती, ती भुंकत होती. पिल्लू हाका मारतं म्हणून मधूनमधून थांबून कान द्यायचो. जळलेल्या जंगलात आवाज नसतात हे तोवर कळलं नव्हतं. पक्षी नाही, रातकिडा नाही, पान नाही तर सळसळ तरी कुठली. फक्त आपल्याच बुटांखाली कोळसा मोडतो. आप्पांना एकदा काहीतरी दिसलं म्हणून धावलो, तर काळी पडलेली यक्काची, म्हणजे इथल्या एका गवती झाडाची, गड्डी होती. अंधार पडला, साडेनऊ झाले. मी म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, तो वरचा पट्टा राहिलाय. तोही बघितला.

शेडपाशी मला सोडताना त्यांनी विचारलं, "ती पिशवी ठेवून जातेस?" मी दिली.

रात्री आईचा फोन. किती पिशव्या लागल्या? एकोणीस, म्हटलं. आणि लाडू? दोन, म्हटलं. ती म्हणाली, पाक पुढे गेला होता, मला ठाऊकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पांढरी यूट आली. हौद्यात मॅना गमच्या फांद्या. फांद्यांवर आडवी पडलेली केल्पी, तिच्या तीन पायांत निळी फुलं. मी बाहेर आले. काचेपुढे हिरवी पिशवी घडी करून ठेवलेली होती.

"पहाटे पुन्हा जाऊन आलो," आप्पा म्हणाले आणि मान हलवली. मग फांद्या उतरवायला लागले. मी दुसऱ्या बाजूने धरल्या. अर्धी गाडी रिकामी झाल्यावर ते थांबले.

"डॉक, तिने एक मोजा रात्री चावून खाल्ला. आहेत का आणखी?"

मी मागच्या खोलीचं दार उघडून त्यांना खोकी दाखवली. त्यांनी खालपासून छतापर्यंत नजर फिरवली.

"पुरतील," म्हणाले.